मागच्या खोलीतला दुसरा डबा

माय, सगळ्यात आधी उतरल्या त्या विहीणबाई. वाटेत मुक्काम करून बारा वाजता येतो म्हणाले होते आणि साडेनऊलाच गाडी दारात. त्यांच्या मागून व्याही, व्याह्यांच्या मागून जावई, आणि या तिघांच्या मागून, एक चप्पल पायात अन् एक हातात, समोरच्या घरची माझी चुलत जाऊ, जिला कोणी बोलावलंच नव्हतं. "साखर संपली व, वाटीभर दे," म्हणत आली आणि नजर सगळी विहीणबाईंच्या पाटल्यांवर. तिच्या घरी परवाच साखरेचं पोतं आलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी तेव्हा कुठे होते म्हणशील, तर मागच्या खोलीत, पदर खोचून घरघंटीभोवतीचं पीठ झाडत होते. केसांवर पीठ, नाकावर पीठ. विहीणबाई सरळ आतच आल्या नि म्हणाल्या, "आजी, धुळवड आहे का आज?" मी हसले आणि पदराने नाक पुसलं. त्या जेवायला आल्या नव्हत्या गं, पाहणी करायला आल्या होत्या.

थांब, नीट सांगते. शेवट आधी सांगायची माझी खोड तुला माहीतच आहे. तुझी पणती, म्हणजे माझ्या लेकाची लेक, तिला सातवा लागला आहे. ती पुण्यात असते, कॉम्प्युटरवरचं काम करते, तेही घरी बसूनच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत, आणि पोरीलाही यायचंच आहे. "आजी, डिंकाचे लाडू तुह्याच हातचे पायजेत मले," म्हणते. (मी शिकले तिसरीपर्यंत, पण कागदावर मला-तुला लिहायचं एवढं बाईंनी हातावर छडी मारून पक्कं करून घेतलं होतं, म्हणून तसं लिहिते. तू समोर असतीस तर मले-तुलेच निघालं असतं.) तर तिला सुट्टी लागणार नवव्या महिन्यात. तोवर दोन महिने इथूनच काम करायचं, आणि तिच्या साहेबांनी सांगून ठेवलं की बोलता बोलता नेट तुटायला नको, तुटत असेल तर पुण्यातच थांबा. विहीणबाई, म्हणजे तिची सासू, फोनवर म्हणाल्या, "सोय पाहिल्याशिवाय मी काही सुनेला पाठवणार नाही." गोड आवाजात म्हणाल्या, पण म्हणाल्या. सोयीत दोन गोष्टी. एक दवाखाना, तो मेहकरला आहे, गाडीने अर्धा-पाऊण तास, त्याला त्यांनी मान डोलावली. दुसरं हे नेट. नेट म्हणजे काय ते तुला कसं सांगू, मलाच कुठे धड माहीत आहे. हवेतून येतं, दिसत नाही, आणि नसलं की घरातलं प्रत्येक माणूस चिडतं.

आमच्याकडे नेटचा डबा आहे तो समोरच्या खोलीत. तिथे पोरीला बसवायचं कसं? लेक भाजीपाला लावतो, त्याच्याकडे सकाळपासून माणसं, कोणी वांग्याचा भाव विचारतो, कोणी टीव्हीसमोर बसतो. सातव्या महिन्यातल्या पोरीला पाय लांब करायला मागची खोलीच बरी. स्लॅबची आहे, नवी आहे, खिडकीतून शेवग्याचं झाड दिसतं. पण मधे स्वयंपाकघराची जुनी भिंत, दगडमातीची, दीड हात जाड, आणि तिला टेकून गहू-ज्वारीच्या पत्र्याच्या कोठ्या ओळीने उभ्या. नेट त्या भिंतीशी येतं अन् तिथेच थकतं. दिवाळीत पोर आली होती तेव्हा फोन वर धरून साऱ्या खोलीभर फिरली, जशी आपण अंधारात चिमणी घेऊन फिरायचो. एक काडी येई आणि जाई. मोबाइलचंही तसंच. मग जावयांनी त्यांच्याकडचा जुना नेटचा डबा पाठवून दिला. म्हणाले, समोरच्या डब्यापासून वायर आणून हा मागे लावा, हा तेच नेट मागच्या खोलीत पसरवील.

बोलायला सोपं. नेटचा माणूस बोलावला तो आज येतो, उद्या येतो. शेवटी लेकाने चिखलीहून लांब वायर आणली, भिंतीला भोक पाडलं, कोठ्यांच्या मागून वायर ओढली आणि पुढचं सारं आलं माझ्या सुनेवर. सून अंगणवाडीत शिकवते, फोनमध्ये पोरांची वजनं-उंच्या भरते, त्यामुळे तिला फोनची भीती नाही. मला आहे. तीन दिवस संध्याकाळी, दुसरा डबा समोरच्या खोलीतच ठेवून, माय-लेकी फोनवर एकमेकींना पाहत बसल्या होत्या, लेक तिकडून सांगते आणि माय इकडे डब्याशी झटते. मी वायरीचं टोक धरून. "आत्याबाई, तुम्ही फक्त वायर धरा, दुसरं काही करू नका बाप्पा," सून म्हणे. वायर पिवळ्या भोकात घालायची, निळ्या भोकात नाही, हे मला पाठ झालं. पण एक गोष्ट सुनेच्या डोक्यात शिरेना. नात सारखी म्हणत होती, दुसऱ्या डब्याचं नंबर वाटणं बंद कर. सून म्हणे, "अवं पण त्याले काम कराले तं लावलं आपण, मंग बंद काऊन करू?" पोर वैतागली. मग मलाच म्हणाली, "आजी, तूच आयक. मोठा डबा घरातल्या हरेक फोनले एक-एक नंबर देते. कोणाले काय द्यायचं ते त्याले त्या नंबरावरून समजते. दुसराही डबा नंबर वाटाले बसला का झालं, एकाच नंबरचे दोघं निंघतात, अन् कोणालेच धड भेटत नाही. दुसऱ्यानं निस्तं इकडचं तिकडं पोचवायचं."

आणि माय, मला एकदम तूच दिसलीस. सोंगणीचे, ज्वारी कापायचे दिवस, चुलीपुढे तू, आणि ओळीने बसलेली घरची नि कामावरची माणसं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला वाटलं आपण तुला हात लावावा, म्हणून तव्याशेजारच्या टोपल्यातल्या भाकरी उचलून मी पंगतीच्या दुसऱ्या टोकापासून वाढत निघाले. तू या टोकापासून, मी त्या टोकापासून. बाबांच्या ताटात दोन भाकरी पडल्या, एका मजुराच्या ताटात तीन, आणि मधल्या भावाचं ताट कोरडं. तो रडायला लागला. तू उलथण्याचा दांडा माझ्या बोटांवर मारलास. गरम होता. "वाढणारा हात एकच असते! तू ताटं सरकव!" मी चुलीमागे तोंड घालून किती वेळ बसले कोणास ठाऊक. सगळे उठून गेल्यावर तू उरल्या पिठाची एक चानकी केलीस, तळहाताएवढी छोटी भाकर, तिच्यावर तेल-तिखट टाकलंस आणि माझ्याकडे सरकवलीस. त्या दिवशी मी जे शिकले ते असं, पन्नास-पंचावन्न वर्षांनी, फोनवर उपयोगी पडलं. मी सुनेला म्हटलं, "अवं, भाकर मोठ्यानं वाढायची, धाकट्यानं ताट सरकवायचं. धाकट्याच्या हातातलं टोपलं काढून घे, एवढंच ते." तिकडे पोर पोट धरून हसायला लागली. "दीड घंटा झाला, हेच तं सांगून राह्यली मी!"

सुनेने मग एकेक गोष्ट वहीत लिहून घेतली. आधी वायर काढायची. मग फोन धाकट्या डब्याला जोडायचा. त्याचा स्वतःचा नंबर बदलायचा, कारण दोन्ही डब्यांचा नंबर सारखाच होता, दोन घरांना एकच पाटी असल्यासारखा. मग वाटणं बंद. मग मोठ्याचं नाव आणि पासवर्ड तोच धाकट्याला द्यायचा, म्हणजे फोनला घर एकच वाटतं. आणि सगळ्यात शेवटी वायर, पिवळ्या भोकात. शनिवारी दुपारी सून मागच्या खोलीत उभी राहिली आणि पुण्याला फोन लागला, पोरीचा चेहरा असा स्वच्छ आला की तिच्या कपाळावरचा मुरूमसुद्धा दिसला. मी दोघींवरून मीठ-मोहरी ओवाळली. डब्यावरूनही ओवाळली, खोटं कशाला सांगू.

आणि रविवारी हे सगळे साडेनऊला येऊन उभे. पाणी झालं, चहा झाला, समोरची जाऊ साखर घेऊन एकदाची गेली. व्याही लेकाजवळ समोर बसले, सोयाबीनवर बोलायला लागले. जावई लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत आले, विहीणबाई बाजेच्या कडेवर टेकल्या, सून पोह्यांच्या बशा घेऊन दारात, आणि मी दाराआड. सगळ्यांचं लक्ष त्या लॅपटॉपवर, जसं मुलगी पाहायला आल्यावर चहाच्या ट्रेकडे असतं. जावई म्हणाले, "घरच्या नावाची इथे एकच काडी दिसतेय. आणि हे दुसरंच काहीतरी इंग्रजी नाव आलंय, पूर्ण काड्यांचं." त्यांनी ते लावून पाहिलं. जुळलं, पण चालेना काहीच. तेवढ्यात समोरून लेक ओरडला, "अवं, इकडचंबी बंद पडलं ना!" सून बशी ठेवून वायर दाबून पाहते, काढते, पुन्हा घालते. जावई उठले, "मी बघू का?" तर आम्ही दोघी एकदमच, "नाही नाही, तुम्ही बसा." जावयाला काय आल्या आल्या वायरीला जुंपायचं? ते बिचारे बसले. विहीणबाई इकडेतिकडे पाहत म्हणाल्या, "अहो, शिकलेल्या माणसाचं काम असतं ते. उगाच तुम्हाला त्रास. राहू द्या, पुण्यातच राहील ती, मी आहे ना." कसं सांगू, किती हळू बोलल्या. ओरडल्या असत्या तर मी उलट बोलले असते.

सून खाली मान घालून म्हणाली, "माह्याच हातून काही चुकलं असंल. पण नाव तं मी एकच ठेवलं होतं. हे नाव कुठून आलं? हे तं डब्याच्या बुडाले छापेल आहे, दुकानातून येते तसं."

माय, तेव्हा मला सकाळचं आठवलं. शनिवारी पाहुण्यांसाठी मी त्याच खोलीत बेसन दळलं होतं. रविवारी सकाळी पाहते तर डब्यावर पिठाचा थर. मी फडक्याने पुसला. पुसता पुसता दिसलं की मागच्या अंगाला एक बारीकसं भोक आहे, सुईच्या नेढ्याएवढं, आणि त्यात पीठ बसलं आहे. आता तू सांग, भोक बुजलं की आपण काय करतो? स्टोव्हच्या काळातली पिन माझ्याजवळ अजून आहे, गॅसच्या बर्नरला कामी येते. ती आणली, भोकात घातली, आतून काहीतरी कट् वाजलं. मला वाटलं कचरा घट्ट आहे, म्हणून चांगली दाबून धरली. सगळे दिवे विझले. मग एकेक करून पुन्हा लागले, पहिल्यापेक्षा जास्तच लागले, आणि मी मनात म्हटलं, पाहा, श्वास मोकळा झाला बिचाऱ्याचा. पाहुणे येईपर्यंत स्वतःवर खूश होते मी. आणि इकडे सुनेने तीन दिवस शिकवलेलं सारं तो डबा विसरून बसला होता.

गप्प राहता आलं असतं. सुनेवर आलंच होतं, तिने घेतलंही होतं अंगावर. बोलले असते तर विहीणबाईंपुढे ठरणार अडाणी म्हातारी, डब्यात पिना खुपसणारी, आणि अशा म्हातारीच्या हाती कोण देतं हो गरोदर सून? पण मी बोलले नसते तर सून वायरच तपासत बसली असती, दुपारचे चार वाजले असते आणि ते लोक उठून गेले असते. मी दाराआडून बाहेर आले. पिन कमरेच्या पिशवीतच होती. ती काढून सगळ्यांसमोर धरली आणि म्हटलं, "सूनबाई, तुह्यं काहीच चुकलं नाही. म्या सकाळी याच्या भोकात पिन घातली. पीठ होतं म्हून."

सून माझ्याकडे पाहते, पिनेकडे पाहते. मग जावयांना खोकला आला, तो खोकला नव्हताच. आणि विहीणबाई, पाटल्या वाजवत, तोंडाला पदर लावून अशा हसायला लागल्या की बाज करकरली. त्यांचं माहेर चिखलीचं. पुण्यात बोलतात ते बोलणं गळून पडलं आणि आतलं बाहेर आलं. "आजी, माह्या मायनं घरात पयलं मिक्सर आलं तं त्याले तेल पाजलं होतं, शिलाई मशीनीसारखं! आठ दिवस चटणीले मशीनच्या तेलाचा वास!" मीही हसले आणि पिन पुन्हा पिशवीत टाकली. सुनेने वही काढली. आधी वायर काढली. जावयांना अंगणात जाऊन पोरीला फोन लावू दिला, पण डब्याला हात लावू दिला नाही. एकेक ओळ वाचते, बोटाने दाबते, पुन्हा वाचते. स्वतःचा नंबर बदलला. वाटणं बंद केलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, ताट सरकव बाबा, फक्त ताट सरकव. नाव दिलं, पासवर्ड दिला, वायर पिवळ्या भोकात. समोरून लेकाचा आवाज आला, "आलं, आलं!" आणि लॅपटॉपवर पोर आली. अर्धा तास बोलली, जावयाशी, सासूशी, आईशी. एकदाही तुटलं नाही. विहीणबाई मधे मधे मुद्दाम विचारत होत्या, "ऐकू येतंय ना गं?" आणि ती दरवेळी "हाव, येते" म्हणत होती. मी फक्त तिचं पोट पाहिलं. तिने उभं राहून दाखवलं.

लाईट गेल्यावर काय, हेही विहीणबाईंनी विचारलं. लेकाने दोन्ही डबे इन्व्हर्टरवर घेतो म्हणून शब्द दिला. मग कुठे त्या मोकळ्या झाल्या, पुरणपोळी दोनदा घेतली. जेवणानंतर माझ्याजवळ बसून सुपारी कातरता कातरता सहज विचारलं, "आजी, तुम्ही गेल्या होत्या का हो माहेरी, पहिल्या वेळी?" आणि मी म्हटलं, "नाही हो. सासूनं सोडलं नाही." त्या च्च् च्च् करत राहिल्या.

हे मी आयुष्यभर सांगत आले, माय. तुलाही हेच सांगितलं होतं, दादाच्या तोंडी. तू त्याला बैलगाडी जुंपून पाठवलंस, गाडीत कडबा पसरलेला, त्यावर तुझी नवी वाकळ. सासूने माझं गाठोडं बांधून ठेवलं होतं, तुझ्यासाठी लुगडं काढून ठेवलं होतं. दादा आला तेव्हा ती मळ्यात गेलेली होती. मी दारात उभी राहिले आणि दादाला म्हटलं, "सासू सोडत नाही म्हणावं मायले." आणि सासू घरी आल्यावर तिला म्हटलं, माझ्या माहेरी जमत नाही, असं दादा म्हणाला. कारण तुझं घर एका खोलीचं होतं. त्यात बाबांचा खोकला, भाऊ, शेळी. माझ्या मालकांनी बाळ पाहायला यायचं तर बसायचं कुठे, हाच एक विचार माझ्या डोक्यात. गाडी रिकामी वळली तेव्हा वाकळ दादाने घडी करून पुढे ठेवली होती. तू त्यानंतर माझ्या सासूच्या घरचं पाणी प्यायली नाहीस. ती गेली त्या दिवशीही तू अंगणाबाहेर उभी होतीस. आणि ती बिचारी शेवटपर्यंत विचारायची, तुझ्या मायचं माझ्यावर काय वाकडं आहे? तिने सोडलं होतं, माय. मीच आले नाही. मला तुझ्या खोलीची लाज वाटली.

आज सोमवार. सून अंगणवाडीत, लेक मळ्यात. सकाळपासून पाच वेळा मागच्या खोलीत जाऊन दिवे पाहून आले, दोन्ही हात पाठीमागे धरून. सगळे लागलेले आहेत. तरी एखादा दिवा लुकलुकला की वाटतं, गेलं. खोली झाडून घेतली, घरघंटी ओसरीत हलवायला सांगितली, बाजेला नवी दोरी भरायची आहे. काल तू असतीस तर विहीणबाईंना खरं सांगितलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. हा कागद मी लुगड्यांच्या खाली ठेवणार आहे, वाचायला तू नाहीस आणि टाकायला पत्ता नाही. पाहुणे जाताना दारात थांबून पक्कं सांगून गेले आहेत, गुरुवारी येतो, पोरीला घेऊन.